चालू आहे, पण काम करतोय का?

पार बंद पडलेला सर्व्हर त्यातल्या त्यात बरा. तो बंद आहे हे सगळ्यांना कळतं, कुणीतरी धावतं आणि तो चालू करतं. खरा छळतो तो अर्धवट जिवंत असलेला. प्रोसेस चालू आहे, मेमरी खातोय, सीपीयूच्या आलेखावर थोडी हालचाल आहे, डॅशबोर्डावर हिरवा ठिपकाही आहे. पण ग्राहकाच्या मोबाइलवर ते गोल चक्र फिरतच राहतं. क्लाउडवरच्या कंटेनर सेवांमध्ये 'हेल्थ चेक' नावाची जी सोय असते, ती अशा अर्धवट जिवंतांना हुडकण्यासाठी. ती लावायला पाच-दहा ओळी पुरतात. मात्र त्या पाच-दहा ओळी विचार न करता लिहिल्या, तर धडधाकट चाललेली सेवाही त्याच आडवी करतात.

हे समजून घ्यायला संगणकापेक्षा यंत्रमाग जास्त उपयोगी आहे. बेळगावच्या दक्षिण अंगाला शहापूर, खासबाग, वडगाव हा विणकरांचा पट्टा. वडगावच्या गल्ल्यांतून जाताना घराघरांतून मागांचा खडखडाट कानावर येतो. मागावरचा आडवा धागा, म्हणजे बाणा, धोट्यातल्या कांडीवरून सुटत जातो. तो तुटला किंवा कांडी संपली, तरी मोटरला त्याचं सोयरसुतक नसतं. धोटा इकडून तिकडे जात राहतो, फणी ठोकत राहते, आवाजही तोच येतो. फक्त कापड विणलं जात नाही.

म्हणून मागाला वेफ्ट फोर्क नावाचा एक छोटा काटा बसवलेला असतो. फणी पुढे आली की ताठ बसलेला बाणा काट्याच्या दातांना ढकलतो. काटा कलतो, त्याची शेपटी वर उचलली जाते आणि खाली हलणाऱ्या हातोडीच्या तावडीतून निसटते. धागा नसला तर काटा कलत नाही. हातोडी त्याला पकडून ओढते, चालू-बंदचा दांडा सुटतो आणि माग थांबतो. मोटर फिरते का, हे काटा विचारतच नाही. धागा आहे का, एवढंच पाहतो. मागाच्या कडेला बसवलेला काटा एक फेरी सोडून तपासतो, मधोमध बसवलेला प्रत्येक फेरीला. म्हणजे काटा बसवणाऱ्याने तीन गोष्टी ठरवलेल्या असतात: काय विचारायचं, किती वेळाने विचारायचं, आणि उत्तर 'नाही' आलं तर काय करायचं. हेल्थ चेक लावताना नेमक्या ह्याच तीन गोष्टी ठरवायच्या असतात, आणि बहुतेकांचं चुकतं ते तिसरीत.

देखरेख करणाऱ्याला काय दिसतं

समजा, वडगावातल्या काही विणकरांनी मिळून साड्यांचं ऑनलाइन दुकान काढलं. दुकानाचा प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या आणि सेटिंग असं सगळं एका पुडक्यात बांधलं की झाला कंटेनर. ही पद्धत डॉकर ह्या साधनामुळे २०१३ नंतर सर्वत्र पसरली. एक कंटेनर चालवणं सोपं असतं. पन्नास चालवायचे तर त्यांच्यावर मुकादम लागतो. गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलेलं कुबरनेटीस हे काम करतं, आणि ॲमेझॉनची ईसीएस सेवाही तेच करते. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आणि मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं २०१५ पासून सुरू आहे, त्यामुळे वडगावच्या दुकानाचे कंटेनरही मुंबई-पुण्यात ठेवता येतात.

ह्या मुकादमाला मुळात एकच गोष्ट दिसते: कंटेनरमधली मुख्य प्रोसेस जिवंत आहे की मेली. मेली तर तो ती पुन्हा उभी करतो. पण प्रोग्रॅम आतल्या आत अडकला, त्यातली दोन कामं एकमेकांची वाट पाहत बसली, डेटाबेसच्या सगळ्या जोडण्या संपल्या, तर प्रोसेस जिवंतच असते. बाहेरून काही कळत नाही. तेव्हा 'मी ठीक आहे की नाही' हे सांगायची वाट प्रोग्रॅमनेच ठेवावी लागते. वेब सेवेत ही वाट म्हणजे बहुधा '/हेल्थ' असा एक छोटा पत्ता. मुकादम ठरावीक वेळाने तिथे विचारतो, प्रोग्रॅम उत्तर देतो.

एक प्रश्न की तीन?

कुबरनेटीसने हा प्रश्न तीन भागांत तोडला, आणि त्यातच सगळं शहाणपण आहे.

पहिला लाइव्हनेस प्रोब. तो विचारतो, 'तू जिवंत आहेस का?' उत्तर 'नाही' आलं तर कंटेनर मारून नव्याने सुरू करायचा. दुसरा रेडिनेस प्रोब. तो विचारतो, 'आत्ता गिऱ्हाईक घेशील का?' इथे 'नाही' आलं तर कंटेनरला हात लावायचा नाही; फक्त त्याच्याकडे नवी विनंती पाठवायची नाही. तो सावरला की पुन्हा रांगेत घ्यायचा. तिसरा स्टार्टअप प्रोब. तो विचारतो, 'तुझं सुरू होणं आटोपलं का?' तो पास होईपर्यंत बाकीचे दोघे गप्प बसतात. हा तिसरा सर्वांत उशिरा आला. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या कुबरनेटीस १.२० मध्ये तो पक्का झाला.

तिघांचे प्रश्न वरवर सारखे वाटतात. अनेक जण एकच '/हेल्थ' पत्ता तिघांनाही देऊन मोकळे होतात. पण तिघांचे परिणाम अगदी वेगळे आहेत, म्हणून प्रश्न परिणामाकडून उलटा लिहावा लागतो. लाइव्हनेसमध्ये काय तपासायचं? पुन्हा सुरू केल्याने जे दुरुस्त होईल, तेवढंच. प्रोग्रॅम अडकला असेल तर पुन्हा सुरू केल्याने तो सुटतो. म्हणून ते तपासायचं. डेटाबेस बंद असेल तर दुकानाचा कंटेनर शंभरदा सुरू केला तरी डेटाबेस चालू होणार नाही. म्हणून तो लाइव्हनेसमध्ये तपासायचा नाही.

हा नियम मोडला की काय होतं ते पाहा. दुकानाचे दहा कंटेनर आहेत. '/हेल्थ'वर विचारलं की प्रोग्रॅम डेटाबेसला एक साधा प्रश्न टाकतो, उत्तर आलं तर 'ठीक'. एके दिवशी डेटाबेस मिनिटभर मंदावतो. दहाही कंटेनर एकाच वेळी 'नाही' म्हणतात. मुकादम इमानदारीने दहाच्या दहा मारतो. ते सगळे एकदम उठतात, एकदम नव्या जोडण्या मागतात, कॅशे रिकामी असल्याने प्रत्येक गोष्ट डेटाबेसकडेच मागतात. नुकता सावरू पाहणारा डेटाबेस ह्या धडकेने पुन्हा बसतो आणि पुढची तपासणी पुन्हा नापास होते. मिनिटभराची अडचण तासावर जाते. अशा वेळी 'साडीची यादी दिसते, ऑर्डर थोड्या वेळाने घेऊ' असं अर्धं दुकान तरी चालू ठेवता आलं असतं, तेही हातचं जातं.

मग डेटाबेस कुठे तपासायचा? रेडिनेसमध्ये, तोही जपून. एखाद्याच कंटेनरची डेटाबेसशी जोडणी तुटली असेल, तर त्याला बाजूला काढणं योग्यच. पण सर्वांचाच डेटाबेस गेला तर सगळेच बाजूला निघतील आणि गिऱ्हाइकाला कोरी चूक दिसेल. तेव्हा जो डेटाबेस सगळ्यांचा सामाईक आहे, त्याची खबर तपासणीऐवजी इशारा देणाऱ्या अलार्मकडे सोपवलेली बरी. ती माणसाने पाहायची गोष्ट आहे.

उलट, प्रश्न फारच उथळ ठेवणंही अंगाशी येतं. '/हेल्थ'वर नुसतं 'ओके' छापून ठेवलं, तर आतलं सगळं मोडलं तरी उत्तर 'ओके'च येतं. त्यातून एक विचित्र घोटाळा होतो. डिस्क भरल्यामुळे एक कंटेनर प्रत्येक विनंतीला तत्काळ चूक परत करतो. बाकीचे खरं काम करत असल्याने त्यांना वेळ लागतो. विनंत्या कंटेनरांमध्ये वाटून देणारा लोड बॅलन्सर 'ज्याच्या हातात काम कमी, त्याला द्या' ह्या हिशेबाने चालत असेल, तर तो रिकामा दिसणाऱ्या ह्या मोडक्यालाच जास्तीत जास्त गिऱ्हाइकं धाडतो. दहातला एक बिघडतो, पण निम्म्याहून जास्त लोकांना चूक दिसू शकते.

आकडे

कुबरनेटीसमध्ये काही न लिहिता सोडलं तर तपासणी दर १० सेकंदांनी होते, उत्तराची वाट १ सेकंद पाहिली जाते, आणि लागोपाठ ३ नापास झाले की कारवाई होते. म्हणजे अडकलेला कंटेनर साधारण अर्ध्या मिनिटात उचलला जातो. हे ऐकायला छान आहे. पण तुमचा प्रोग्रॅम जावाचा असेल आणि त्याला उठायलाच पन्नास सेकंद लागत असतील, तर लाइव्हनेस त्याला उठण्याआधीच मारतो. तो पुन्हा उठायला लागतो, पुन्हा मारला जातो. दोन प्रयत्नांमधली विश्रांती १० सेकंद, २० सेकंद, ४० सेकंद अशी वाढत पाच मिनिटांपर्यंत जाते आणि पडद्यावर 'क्रॅशलूपबॅकऑफ' ही नवशिक्याला घाम फोडणारी पाटी लागते. प्रोग्रॅममध्ये एकही चूक नसते. इथेच स्टार्टअप प्रोब लागतो: दर १० सेकंदांनी, ३० वेळा नापास चालेल असं लिहिलं की उठायला पाच मिनिटांची सवड मिळते, आणि एकदा उठला की लाइव्हनेसचा कडक हिशेब सुरू.

ॲमेझॉनच्या ईसीएसमध्ये हीच सवड 'स्टार्ट पिरियड' नावाने मिळते, जास्तीत जास्त ३०० सेकंद. तिथल्या तपासणीचं मूळ माप दर ३० सेकंदांनी, वाट ५ सेकंद आणि ३ प्रयत्न असं आहे. त्यापुढे ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची स्वतःची वेगळी तपासणी असते. तीही दर ३० सेकंदांनी. २ वेळा नापास झाला की बाद, आणि बाद झालेला परत यायला सलग ५ वेळा पास व्हावा लागतो. म्हणजे बाद व्हायला मिनिटभर आणि परतायला अडीच मिनिटं. हे आकडे जसेच्या तसे ठेवले तर गर्दीच्या वेळी दोनदा अडखळलेला कंटेनर अडीच मिनिटं घरी बसतो, आणि त्याचा भार बाकीच्यांवर पडतो.

एका ओळीत किती खाचा

ईसीएसमध्ये कंटेनरची तपासणी साधारण अशी लिहितात:

कर्ल -एफ एचटीटीपी://लोकलहोस्ट:८०८०/हेल्थ || एक्झिट १

ह्या एका ओळीत चार ठिकाणी पाय अडकतो. पहिलं, कर्ल हा प्रोग्रॅम कंटेनरच्या आत असावा लागतो. आकार लहान ठेवायला अल्पाइनसारखी हलकी इमेज, म्हणजे कंटेनरचा मूळ साचा, घेतली की तीत कर्ल नसतो; दुकान झकास चालत असतं आणि तपासणी मात्र कायम नापास. तिथे आत असलेला डब्ल्यूगेट वापरावा किंवा कर्ल घालून घ्यावा. दुसरं, '-एफ' गाळलं तर सर्व्हरने ५०० क्रमांकाची चूक दिली तरी कर्ल 'काम झालं' असंच सांगतो, कारण त्याच्या लेखी उत्तर आलं म्हणजे झालं. तिसरं, 'एक्झिट १'. चूक सांगण्याचे कर्लचे आकडे अनेक आहेत. डॉकरच्या नियमात ० म्हणजे ठीक, १ म्हणजे बिघाड आणि २ राखीव. म्हणून काहीही बिघडलं तरी १ च द्यायचा. चौथं सर्वांत फसवं आहे: 'लोकलहोस्ट'. ही तपासणी कंटेनरच्या पोटातून होते. प्रोग्रॅम फक्त १२७.०.०.१ वर ऐकत बसला असेल तर आतल्या तपासणीला तो छान उत्तर देतो, पण बाहेरून येणाऱ्या लोड बॅलन्सरला दारच सापडत नाही. एक पडदा हिरवा, दुसरा लाल, आणि माणूस दोन्हीकडे पाहत बसतो.

बाहेरच्या तपासणीच्या आणखी दोन खोडी. लोड बॅलन्सर मुळात फक्त २०० हे उत्तर 'ठीक' मानतो. तपासणीचा पत्ता न बदलता दुकानाचं मुखपृष्ठच ठेवलं आणि ते लॉगिनकडे वळवत असेल, तर उत्तर ३०२ येतं आणि कंटेनर बाद. कुबरनेटीस मात्र २०० ते ३९९ पर्यंत सगळं पास धरतो. तिथे तेच वळण बिनबोभाट खपून जातं. दुसरी खोडी होस्ट नावाची. लोड बॅलन्सर तपासणी करताना दुकानाचं डोमेन नाव न सांगता कंटेनरचा आयपी सांगतो. जँगोसारखी फ्रेमवर्क्स अनोळखी नाव दिसलं की ४०० देऊन विनंती परतवतात. दुकान उघडं, पण तपासनिसाला दारात अडवलेलं.

निर्णय कोण घेतो

एकाच नावाच्या गोष्टीचा परिणाम ठिकाणागणिक बदलतो, हे ध्यानात ठेवायला हवं. डॉकर फाइलमध्ये 'हेल्थचेक' ही ओळ लिहिली आणि कंटेनर नुसत्या डॉकरवर चालवला, तर बिघाड झाल्यावर डॉकर त्याच्यापुढे 'अनहेल्दी' असं लिहितो. आपणहून पुन्हा सुरू करत नाही. तोच कंटेनर कुबरनेटीसवर नेला तर ती ओळ वाचलीच जात नाही. ईसीएससुद्धा इमेजमधली ओळ पाहत नाही. ईसीएसच्या भाषेत चालता कंटेनर म्हणजे टास्क, आणि तपासणी त्याच्या टास्क डेफिनिशनमध्ये वेगळी लिहावी लागते. आणि कुबरनेटीसच्या सवयीने ईसीएसकडे वळणाऱ्यांना दणका बसतो तो पुढेच: कुबरनेटीसमध्ये रेडिनेस नापास झालेला कंटेनर जिवंत राहतो, पण ईसीएसमध्ये लोड बॅलन्सरच्या तपासणीत नापास झालेला टास्क थांबवून त्या जागी नवा उभा केला जातो. म्हणजे तुम्ही लिहिता 'गिऱ्हाईक घेतोस का?' हा सौम्य प्रश्न, आणि 'नाही' म्हटल्यावर शिक्षा मिळते मोठी. म्हणूनच सेवेला 'ग्रेस पिरियड' देतात. तोवर लोड बॅलन्सरचं मत मुकादम मनावर घेत नाही.

गर्दीच्या वेळी

१० जुलै २०१९. मँचेस्टरला क्रिकेट विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना पावसामुळे राखीव दिवशी चालला होता. धोनी खेळत असताना हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. तो धावबाद झाला आणि आकडा कोसळला. मुंबईत मुख्यालय असलेल्या ह्या कंपनीच्या इंजिनिअरांनी पुढे जाहीर व्याख्यानात सांगितलं की लोक उठून जातात तेव्हाही भार पडतो, कारण 'मागे' दाबलं की सगळेच एकदम मुखपृष्ठावर येतात. व्हिडिओ देणारे सर्व्हर मोकळे, मुखपृष्ठाचे घामाघूम. २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. अशा लाटेला 'गर्दी वाढली की कंटेनर वाढवा' हे उत्तर पुरत नाही, कारण नवा कंटेनर उठायला आणि तपासण्यांत पास व्हायला जो वेळ लागतो, तेवढ्यात लाट येऊन जाते. म्हणून ते आधीच उभे करून ठेवावे लागतात.

लाटेत तपासणीच घात करू शकते. गर्दीने कंटेनर मंदावतो, '/हेल्थ'चं उत्तर एका सेकंदाऐवजी दीड सेकंदाने येतं, तो नापास होतो. तो बाजूला गेला की उरलेल्यांवर भार चढतो, मग पुढचा मंदावतो. मंद असणं आणि मेलेलं असणं ह्यात तपासणीने गल्लत केली की एकामागून एक सगळे पडतात. ह्यावर साधा उपाय: रेडिनेस लवकर बोलू दे, लाइव्हनेस उशिरा. रेडिनेसला ५ सेकंदांचे २ प्रयत्न दिले, तर लाइव्हनेसला १० सेकंदांचे ६ द्या, आणि उत्तराची वाट १ सेकंदाहून जास्त पाहा. दमलेला आधी बाजूला बसेल, श्वास घेईल. खरोखर अडकलेलाच मारला जाईल. ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरमध्ये ह्या भीतीपोटी एक पळवाट ठेवलेली आहे: सगळेच नापास झाले तर तो तपासणीचं ऐकणं सोडून सर्वांकडे विनंत्या पाठवायला लागतो. सगळे एकदम बिघडण्यापेक्षा तपासणीच चुकली असण्याची शक्यता जास्त, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब किती खरा आहे ते २० ऑक्टोबर २०२५ ला, नरकचतुर्दशीच्या दिवशी दिसलं. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया केंद्रात डायनॅमोडीबी ह्या डेटाबेस सेवेचा डीएनएस पत्ता बिघडला आणि स्नॅपचॅट, कॅन्व्हासारख्या सेवा जगभर अडखळल्या. मूळ बिघाड निस्तरल्यावरही प्रकरण संपलं नाही. नव्याने उभ्या केलेल्या यंत्रांची नेटवर्क जोडणी पूर्ण होण्याआधीच नेटवर्क लोड बॅलन्सरची तपासणी त्यांच्याकडे जाऊ लागली. यंत्रं धडधाकट, उत्तर मात्र कधी 'हो', कधी 'नाही'. प्रत्येक 'नाही'ला क्षमता काढली जायची, प्रत्येक 'हो'ला परत जोडली जायची, आणि ह्या ये-जा करण्यानेच तपासणीची यंत्रणा आणखी दमली. शेवटी भारतात रात्री दहाच्या सुमारास तिथल्या इंजिनिअरांनी तपासणीवरून आपोआप क्षमता काढण्याची सोयच बंद केली, तेव्हा सेवा सावरू लागली. जगातल्या सर्वांत मोठ्या क्लाउड कंपनीचाही उपाय होता तो तपासणीच्या हातातला निर्णय काढून घेण्याचा.

तेव्हा तुमच्या सेवेला हेल्थ चेक लावल्यावर हिरवा ठिपका पाहून समाधान मानू नका. चाचणीच्या वातावरणात तीन गोष्टी मुद्दाम बिघडवा. कंटेनरमधली प्रोसेस गोठवा: तो ठरल्या वेळात मारला जाऊन नवा उभा राहतो का? डेटाबेस बंद करा: एकही कंटेनर मारला जाता कामा नये. आणि प्रत्येक उत्तराला दोन सेकंदांचा उशीर लावा: काही बाजूला झाले तरी चालतील, पण सगळे पडता कामा नयेत. तिन्हींत वागणूक वेगवेगळी दिसली, तर तपासणी नीट लागली. तिन्हींत एकच गोष्ट घडत असेल, म्हणजे दर वेळी सगळं पुन्हा सुरू होत असेल, तर तुम्ही एकाच प्रश्नावर तीन निर्णय टांगले आहेत. ते वेगळे करा, मगच गिऱ्हाइकांना आत घ्या.